नटाची साक्ष

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार कोणास करावे आणि कोणास करू नये ह्याची एक लांबलचक यादी आहे. न्यायसभेत ज्यांस साक्षीसाठी उभे करू नये म्हणून सांगितले आहे, त्यांत कुशीलवाचे, म्हणजे नटाचे, नाव येते. मनूवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, त्याच श्लोकात राजा आणि श्रोत्रिय हेही वर्ज्य ठरविले आहेत. तेव्हा केवळ अप्रतिष्ठेपायी नटाला बाहेर ठेवले असे म्हणता यावयाचे नाही. परंतु चौथ्या अध्यायात ज्यांच्या घरचे अन्न खाऊ नये त्यांची मोजदाद करताना मनूने नटाला पुन्हा गाठले आहे, आणि तेथील शेजार त्याला फारसा भूषणावह नाही. त्या मोजदादीत वैद्यही आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण ज्या गृहस्थांविषयी पुढे लिहावयाचे आहे ते दोन्हीही होते. नटाविषयीचा हा संशय आपल्याकडेच होता असे नाही. फ्रान्समध्ये १६७३ साली मोलियेर वारला, तेव्हा तो नट म्हणून धर्मपीठाने त्याला रीतसर मूठमाती नाकारली. राजाने मध्यस्थी केली म्हणून रात्रीच्या वेळी त्याला कसेबसे पुरण्यात आले.

ह्या सगळ्या संशयाच्या मुळाशी एक साधा आणि आमच्या मते रास्त प्रश्न आहे. ज्याचा उभा जन्म दुसऱ्याचे शब्द आपलेच असल्यासारखे बोलण्यात गेला, जो आज पापभीरू गृहस्थ, उद्या खुनी आणि परवा साधुपुरुष होऊन सारख्याच तन्मयतेने आपल्यासमोर रडतो, तो मनुष्य रंग पुसून व्यासपीठावर आला आणि हे माझे स्वतःचे मत आहे असे म्हणू लागला, तर ते कितपत खरे मानावे? वकीलही दुसऱ्याची बाजू मांडतो; पण कोर्टातले बोलणे निराळे आणि घरातले निराळे हे आपण धरूनच चालतो. नटाचे तसे नाही. आवाज, डोळे, हात हीच त्याची हत्यारे, आणि स्वतःचे मनोगत सांगावयालाही त्याच्यापाशी तीच आहेत. ज्या स्वरकंपाने त्याने काल नाटकगृह रडविले, तोच कंप आज त्याच्या खऱ्या दुःखात उमटला, तर तो ओळखावयाचा कसा?

सांगलीकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या वेळी नटाच्या तोंडी द्यावयाची भाषणे लिहून ठेवलेली जवळजवळ नव्हतीच. सूत्रधाराने पदे म्हणावीत, कथानक पुढे न्यावे आणि पात्रांनी प्रसंगाला साजेल ते आपापल्या मगदुराप्रमाणे बोलावे, अशी पद्धत होती. राक्षसांचे काम तर शब्दांपेक्षा आरोळ्यांवरच भागे. त्यावरून ह्या नाटकांना ‘अलल्डुर्र’ हे थट्टेचे नाव पडले. पुढच्या पिढ्यांत सांगलीजवळच्या हरिपुरात जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल आणि खुद्द सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांनी नटाच्या मुखात लेखकाचे नेमके, तोलून मापून घेतलेले शब्द घातले; आणि तेव्हापासून हे शब्द नेमके कोणाचे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. १९०७ सालच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ज्या नटाच्या शब्दाला मनूने न्यायसभेत थारा दिला नव्हता, त्याचा शब्द इंग्रज सरकारला इतका खरा वाटला की तो बंद पाडावा लागला! पण येथे एक भेद करावयास हवा. ती साक्ष खाडिलकरांची होती. कीचकाचा वेष घेऊन जो उभा राही, तो स्वतः कर्झनशाहीविषयी काय मानतो हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कोणाला कारणही वाटले नाही.

कृष्णेच्या काठाने सांगलीहून वर चालत गेले की सातारा जिल्हा लागतो. त्या सातारा गावी १६ नोव्हेंबर १९२७ रोजी श्रीराम बाळकृष्ण लागू ह्यांचा जन्म झाला. त्यांची साक्ष मात्र विचारली गेली, आणि त्यांनी ती दिली. म्हणून आमच्या प्रश्नाचा कस त्यांच्या चरित्रावर लावून पाहावा असे वाटते. पुण्यास वैद्यकाचे शिक्षण, कान, नाक व घसा ह्यांच्या शस्त्रक्रियेत प्रावीण्य, परदेशी जाऊन अधिक अभ्यास, काही काळ आफ्रिकेत टांझानियामध्ये व्यवसाय. आणि ह्या सर्व काळात पुण्याच्या हौशी रंगभूमीवर जडलेला नाटकाचा नाद. चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ ह्या नाटकापासून त्यांनी वैद्यकी बाजूला सारली व पूर्णवेळ नटाचा पेशा पत्करला. प्रतिष्ठित धंदा टाकून संशयित धंद्यात शिरणारी माणसे थोडी. आणि ज्या घशातून आवाज निघतो तो घसा शस्त्राने उघडून पाहिलेला नट तर आमच्या ऐकिवात दुसरा नाही.

नटाच्या कामाविषयी त्यांचे मत काय होते हे त्यांच्या आत्मचरित्राच्या नावावरूनच कळते. त्या पुस्तकाचे नाव ‘लमाण’. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून एका मुलखातला माल दुसऱ्या मुलखात पोचविणारा, तो लमाण. माल त्याचा नव्हे. पिकविला दुसऱ्याने, खाणार तिसरा. ह्याचे काम मधली वाट तुडविण्याचे. नाटककाराने पिकविलेले प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोचवावे आणि रिकाम्या गोणीने परत फिरावे, ह्यापलीकडे नटाने आपली मातब्बरी मानू नये, असा ह्या नावातला भाव आहे. विनयाचा भाग सोडला तरी त्यात एक जुना सिद्धान्त दडलेला आहे. हजार वर्षांमागे अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रस नटाच्या ठिकाणी नसतो असे प्रतिपादन केले, आणि नटाला ‘पात्र’ का म्हणतात ह्याची उपपत्ती लावताना म्हटले की, पेल्याला काही मद्याची चव कळत नाही. आपण मराठीत ‘नाटकातील पात्रे’ म्हणतो तेव्हा हा दृष्टांत नकळत उच्चारीत असतो. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरो ह्यानेही अठराव्या शतकात असेच काहीसे म्हटले: प्रेक्षकाला रडविणारा थोर नट स्वतः आतून कोरडा असतो. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मरणानंतर पुष्कळ वर्षांनी, १८३० साली, प्रसिद्ध झाला.

हा सिद्धान्त मानला तर नटावरचा खोटेपणाचा आरोप एका फटक्यात उडतो. पेल्यातले मद्य पेल्याचे नव्हे. मग पेला खोटे बोलला असे कोण म्हणेल? परंतु त्याबरोबरच नट हा माणूस म्हणून नाहीसा होतो. ज्याला चव नाही त्याला मत कोठून असणार?

डॉ. लागूंच्या बाबतीत हा दृष्टांत पहिल्यांदा अपुरा पडतो तो ‘नटसम्राटा’पाशी. वि. वा. शिरवाडकरांच्या ह्या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. रंगभूमीवरून निवृत्त झालेला गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करतो, त्यांच्याच घरून बायकोसह निघण्याची त्याच्यावर पाळी येते, आणि अखेर तो रस्त्यावर येऊन पडतो. नटाने नटाचीच भूमिका करावयाची. बेलवलकराच्या मुखात त्याच्या जुन्या भूमिकांची भाषणे, म्हणजे पेल्यात पेला. हा बेलवलकर विधात्याला हाका मारतो, त्याला जाब विचारतो. जे नट ह्या हाका मारीत होते त्यांच्या लेखी तो विधाता नव्हताच. तरीही त्या हाकांत कृत्रिमतेचा एक कणही कोणाला आढळला नाही; उलट त्या भूमिकेचा ताण इतका पडला की डॉक्टरांची प्रकृती ढासळली व पुढे ती त्यांना सोडावी लागली. पेला कोरडा राहिला असता तर त्याला तडा गेला नसता. ह्यावरून आम्ही असे समजतो की, नट ओझे वाहतो हे खरे, परंतु ते पाठीवर वाहत नाही, छातीत वाहतो. लमाणाचा बैल तरी संध्याकाळी गोण्या उतरल्यावर चरावयास मोकळा होतो.

मग जो देव नाही असे आपण मानतो त्याला जिवाच्या आकांताने हाक मारणे हे ढोंग नव्हे काय? आमच्या मते नव्हे. ढोंग करणारा मनुष्य आपण ढोंग करीत नाही असे भासवितो. त्याचा सारा फायदा त्या लपविण्यात असतो. नाटकगृहात लपविलेले काहीच नसते. तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला समोर नट उभा आहे हे ठाऊक असते, आणि नटालाही ते त्यांना ठाऊक असल्याचे ठाऊक असते. शिवाय बेलवलकराच्या तोंडी ती हाक खरीच आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेला तिच्या पूर्ण वजनानिशी उच्चार देणे, आपल्या अश्रद्धेचा छद्मी सूर तिच्यात मिसळू न देणे, ह्याला प्रामाणिकपणाच म्हटले पाहिजे. आणि तो वादविवादाच्या सभांतूनही क्वचितच पाहावयास मिळतो.

१९७२ साली व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’ चित्रपटात डॉ. लागूंनी मास्तरांचे काम केले. ह्या चित्रपटाची प्रेरणा एका जुन्या जर्मन चित्रपटात आहे. पण त्यातला नैतिक पेच पुरता मराठी मातीत रुजविलेला आहे. गावाला सन्मार्गाला लावणारे मास्तर तमाशातील एका नर्तकीच्या पायी घसरतात. एक प्रेत मास्तरांचेच समजले जाते, गाव हळहळते, त्यांचा पुतळा उभारते. आणि जिवंत मास्तर तमाशाच्या फडाबरोबर पडेल ते काम करीत फिरतात. शेवटी मास्तरांचा खून केल्याच्या आरोपावरून खुद्द मास्तरांनाच पकडले जाते. आपण कोण हे एका वाक्यात सांगितले तर ते सुटतील. पण मग पुतळा पडेल, आणि पुतळ्याकडे पाहून जे गाव चांगले वागत आहे तेही पडेल. ते तोंड उघडीत नाहीत व फासावर जातात. आपल्याच मुखवट्यासाठी माणसाने आपल्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, हे योग्य झाले काय? चित्रपटाचा कल ते थोर मानण्याकडे आहे. आम्हांस ते पटत नाही. खोट्या पुतळ्याकडे पाहून सुधारलेले गाव किती दिवस सुधारलेले राहील? आणि माणूस घसरतो, घसरूनही माणूस राहतो, हे त्या गावाला कधी कोणी शिकवावयाचे? पण असे वाटत असतानाही शेवटच्या दृश्यातील ते मौन विसरता येत नाही. नटाचे सामर्थ्य असे की ज्या युक्तिवादाशी आपले मन झगडते त्याच्याही दुःखात तो आपल्याला ओढून नेतो. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून अनुकरण करणाऱ्या कवींना निरोप देण्याचे ठरविले, ते हे सामर्थ्य ओळखूनच.

‘पिंजरा’त त्यांच्याबरोबर निळू फुले होते, आणि १९७५ सालच्या ‘सामना’त तर ते दोघे समोरासमोर उभे राहिले. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदूराव धोंडे पाटील एका बाजूस, आणि दारूने खंगलेला, कोठून तरी भटकत आलेला एक मास्तर दुसऱ्या बाजूस. मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी पुन्हा पुन्हा विचारीत राहतो, एवढेच. उसाच्या ह्या पट्ट्यातील, म्हणजे सातारा-सांगलीकडील प्रेक्षकांना हिंदूरावाची ओळख करून द्यावी लागली नसेल. हा चित्रपट त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेतही गेला होता. निळू फुल्यांची गोष्ट डॉ. लागूंच्या उलट आहे. राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पुण्यास लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, हयातभर सामाजिक चळवळींना हातभार लावणारा हा सालस गृहस्थ. पण पडद्यावर त्याने असे काही दुष्ट पाटील, सरपंच नि सावकार उभे केले की खेड्यातल्या बायका त्याला प्रत्यक्ष पाहून शिव्याशाप देत, असे सांगतात. २००९ साली ते वारले. त्यांच्याबाबतीत प्रेक्षकांनी पेला आणि मद्य ह्यांत भेदच ठेवला नाही. आपल्याला वाटते की ही अडाण्यांची चूक. परंतु सुशिक्षित मंडळी हीच चूक दुसऱ्या टोकाने करतात: करारी, विचारी मुद्रेचा नट दिसला की त्याच्या भूमिकेतला शहाणपणा त्याच्या नावावर जमा करतात. शिव्या देणारी बाई आणि ह्या नटाच्या सहीसाठी वही पुढे करणारा पदवीधर एकाच पंक्तीला बसलेले आहेत.

आता हिंदी चित्रपटांविषयी. डॉ. लागूंनी सगळे मिळून शंभराहून पुष्कळ अधिक चित्रपटांत कामे केली, आणि त्यांतला मोठा भाग हिंदी. १९७७ सालच्या ‘घरौंदा’मधील वयस्क धनिकाच्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षीच्या ‘इन्कार’मध्ये ते जोड्यांच्या कारखान्याचे मालक होते. १९८२ सालच्या ‘गांधी’ ह्या इंग्रजी बोलपटात ते नामदार गोखले झाले, आणि मृणाल सेन ह्यांच्या १९८९ सालच्या ‘एक दिन अचानक’मध्ये एके दिवशी घराबाहेर पडून परत न आलेले प्राध्यापक. ह्या भूमिका आठवणीत ठेवण्याजोग्या. पण त्यांच्या आजूबाजूला न्यायाधीश, पोलीस अधिकारी, डॉक्टर आणि नायिकेचे बाप ह्यांची केवढी तरी रांग आहे, ज्यांची नावे प्रेक्षकांस थिएटरच्या दारापर्यंतही आठवत नसत. ज्याने बेलवलकर केला त्याने हेही करावे, ह्याचे अनेकांना वाईट वाटे. पोटासाठी केले असे म्हणून कोणी तो विषय सोडून देईल. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. कारण लमाणाचा दृष्टांत येथे आपली दुसरी बाजू दाखवितो. इतिहासात लमाणांचे तांडे लढाईतल्या दोन्ही फौजांना धान्य पुरवीत, आणि दोन्ही फौजा त्यांना हात लावीत नसत. माल वाहणारा कोणाचाच नाही, हे त्याचे अभयपत्र. पण त्याची किंमत हीच की लढाई कोणी जिंकावी ह्याविषयी त्याला विचारावयास कोणी जात नाही. गोणीत काय आहे हे न पाहता जो वाहतो, त्याने मालाविषयी बोलू नये.

डॉ. लागूंनी गोणी पाहिली नाही असे मात्र म्हणता येत नाही, निदान रंगभूमीवर तरी. १९७० साली त्यांनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ बसविले व त्यात स्वतः काम केले. एका घरातील माणसे एकमेकांना कशी फाडून खातात हे दाखविणारे ते नाटक पाहून सभ्य समाजाला शिसारी आली. गर्भपाताच्या प्रसंगी लुगड्यावर दिसणारा लाल डाग सेन्सॉर मंडळास खपेना. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि लाल रंगाऐवजी निळा वापरला आहे ही गोष्ट प्रयोगापूर्वी प्रेक्षकांस जाहीर सांगण्यात येऊ लागली. ह्या एका घोषणेवर आमचा फार लोभ आहे. हुकूम तर पाळला. पण खोट्याला खोटे म्हणण्याचा हक्क सोडला नाही.

राहिला तो प्रश्न त्यांच्या स्वतःच्या साक्षीचा. परमेश्वराची कल्पना आता कामाची उरलेली नाही, तिला निवृत्त करावयास पाहिजे, अशा आशयाचा एक लेख डॉ. लागूंनी लिहिला आणि तो पुष्कळ गाजला. लिहूनच ते थांबले नाहीत. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्याबरोबर विवेकजागराच्या जाहीर वादसंवादांत ते हेच म्हणणे लोकांसमोर मांडीत राहिले. दाभोलकरही साताऱ्याचेच. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि वैद्यकीचे शिक्षण मिरजेस झालेले. म्हणजे दोघेही वैद्य, दोघांनीही वैद्यकी सोडलेली. तरी ह्या सभांत दोघांचे एकमत असे नसे, आणि हीच त्यांतली गोडी होती. डॉ. लागूंचे म्हणणे असे की मुळावरच घाव घातला पाहिजे, देव ही कल्पनाच माणसाला पंगू करते. दाभोलकर म्हणत की आमची समिती देवाधर्माला विरोध करीत नाही; देवाच्या नावाने होणारे शोषण आणि फसवणूक ह्यांस तिचा विरोध आहे, ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहो. एकाच मंडपात, हजारो भाविकांच्या मुलखात, दोघा सातारकरांनी देवाच्या अस्तित्वावर सौजन्याने मतभेद दाखवावा, ही आपल्या सार्वजनिक जीवनातील एक दुर्मीळ घटना होय.

ह्यावर जो आक्षेप घेतला जाई त्यात तथ्य आहे. लोक जमत ते ‘नटसम्राटा’ला पाहावयास, आणि ऐकावे लागे ते निरीश्वरवादाचे व्याख्यान. भूमिकांनी मिळविलेले वजन स्वतःच्या मताच्या पारड्यात टाकणे हे न्याय्य आहे काय? साबणाची जाहिरात करणारा नट आणि नास्तिकतेचा पुरस्कार करणारा नट ह्यांत, तत्त्व म्हणून पाहिले तर, फरक कोणता? आम्हांस तो फरक असा दिसतो. साबणवाला नट लोकांच्या प्रेमाचे पैसे करून घेतो. तो जे सांगतो ते ऐकून त्याच्यावरचे कोणाचेही प्रेम कमी होत नाही. डॉ. लागूंनी ते प्रेम खर्ची घातले. बेलवलकरासाठी ज्यांनी डोळे पुसले, त्यांतल्या पुष्कळ भाविक घरांना हा मनुष्य आपल्या देव्हाऱ्यावर बोट ठेवतो हे सहन होण्यासारखे नव्हते, आणि ते त्यांना पुरते ठाऊक असूनही त्यांनी आपला सूर मवाळ केला नाही. साक्षीदाराची परीक्षा कोर्ट कशी करते? ही साक्ष देण्यात तुझा लाभ काय, असे त्याला विचारते. ह्या परीक्षेला ही साक्ष उतरते.

परंतु ह्यापुढे जाऊन कोणी त्यांना हुतात्म्याच्या आसनावर बसवू म्हणेल तर ते आम्ही मान्य करणार नाही. नामांकित नटाला त्याची कीर्ती चिलखतासारखी असते. लोक रागावतात, पत्रे लिहितात, आणि शेवटी कलावंत आहे, लहरी असायचाच, असे म्हणून सोडून देतात. म्हणजे ‘नट आहे’ ह्या एका शब्दाने त्याची साक्षही काढून घेतात आणि शिक्षाही माफ करतात. दाभोलकरांना ही माफी नव्हती. जे देवाला हात लावीत नव्हते, ज्यांनी आपले म्हणणे दोघांत सौम्य ठेवले होते, त्यांच्यावर २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या झाडण्यात आल्या. डॉ. लागू त्या वेळी पंच्याऐंशी वर्षांचे होते. ह्या घटनेचा तर्कशास्त्राने काही उलगडा होतो असे आम्हांस वाटत नाही; एवढेच दिसते की, मारणारे कोणाच्या शब्दाला कृती चिकटलेली आहे हे बरोबर हेरतात. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्याचा शब्द त्यांना खरा वाटला, जसा १९१० साली सरकारला ‘कीचकवधा’चा वाटला होता.

डॉ. लागूंच्या भूमिकांतून एक गोष्ट लक्षात येते, ती योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही: चौकशीपुढे उभा असलेला मनुष्य त्यांना पुन्हा पुन्हा मोह घाली. रहिमतपूरच्या गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ ह्या १९७४ सालच्या नाटकात ते मार्क्सवादी प्राध्यापक झाले. विद्यापीठाची चौकशी समिती त्यांना त्यांच्या मतांविषयी, मित्रांविषयी, घरच्या माणसांविषयी खोदून खोदून विचारते, आणि ते उत्तरे देत जातात. नाटक म्हणून पाहिले तर घडत काहीच नाही, पण उत्तर देणाऱ्याच्या आवाजातील थकवा आणि ताठा ह्यांवर सारा प्रयोग उभा राही. पंचवीस वर्षांनी, १९९९ साली, मकरंद साठ्यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस झाले. नगरीचे देव न मानल्याचा आणि तरुणांना बिघडविल्याचा आरोप ज्याच्यावर आला, त्या वृद्धाची भूमिका करताना त्यांची स्वतःची सत्तरी उलटली होती. प्लेटोने जो सॉक्रेटिस आपल्यापुढे ठेवला आहे तो नास्तिक नव्हे. न्यायसभेत तो हा आरोप साफ नाकारतो, आणि आपण जे करीत आलो ते देवाच्याच आज्ञेने, असे न्यायाधीशांना सांगतो. अशा माणसाची बाजू घेऊन उभे राहावयास त्यांना आपल्या निरीश्वरवादाची अडचण वाटली नाही. समोर बसलेल्या लोकांपैकी बहुतेकांनी त्यांची व्याख्याने ऐकली होती किंवा निदान त्यांविषयी वाचले होते; ह्या म्हाताऱ्याच्या वेषाआड कोण उभे आहे आणि त्याचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे त्यांना चांगले माहीत होते. तरी सॉक्रेटिस बोलू लागला की नाटकगृहात सॉक्रेटिसच बोले.